शर्यतीचीं चाकें : विकत घ्यावीं कीं भाड्यानें ?

दोन वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. एका रविवारीं सकाळीं माझी धाकटी बहीण घरीं आली आणि पायरी चढतां चढतांच म्हणाली, "दादा, सायकलीच्या दोन चाकांना दीड लाख रुपये पडतात का रे ?" मला वाटलें, ती सायकलीची किंमत विचारीत असावी. तसें म्हणतांच ती म्हणाली, "सायकल आहे त्याच्याजवळ. हीं नुसतीं चाकें. आणि तीं सुद्धां वर्षांतून एकदां वापरावयाचीं !" त्याच्याजवळ म्हणजे तिच्या मुलाजवळ, माझ्या भाच्याजवळ. तो गोव्याच्या शर्यतीची तयारी करीत होता, आणि त्या चाकांसाठीं घरांतली मुदतीची ठेव मोडावी काय, असा प्रश्न त्या कुटुंबापुढें उभा राहिला होता. "तूं जन्मभर मुलांना पदार्थविज्ञान शिकविलेंस," बहीण म्हणाली, "आतां एवढें एक गणित मला सोडवून दे."

गणित मीं सोडविलें; पण माझें पहिलें उत्तर अपुरें होतें. तें कां अपुरें ठरलें, हें पुढें त्या शर्यतीनेंच आम्हांला शिकविलें. आज नागपुरांत पहाटे फुटाळ्याच्या कांठानें किंवा वर्धा रोडवर गेलें, तर शिरस्त्राण घातलेले, पाठ वाकविलेले सायकलस्वार पुष्कळ दिसतात. त्यांच्यापैकीं अनेकांच्या घरीं हाच प्रश्न आज ना उद्यां निघणार आहे. म्हणून तें सारें गणित आज आपणांपुढें मांडावें असें मनांत आहे.

भाड्याची सायकल ही कल्पना आमच्या पिढीला नवी नाहीं. माझ्या लहानपणीं सीताबर्डीकडे तासाच्या भाड्यानें सायकल देणारीं दुकानें होतीं. वहींत नांव लिहावयाचें, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहावयाचें आणि चार आण्यांत तासभर राजा व्हावयाचें, असा तो व्यवहार होता. पण त्या तासांतलीं पहिलीं दहा मिनिटें कशांत जात, तें मला अजून आठवतें. ब्रेक कोणत्या हाताचा लागतो, बैठक उंच आहे कीं ठेंगणी, हँडल कोणत्या बाजूला ओढतें, हें समजून घेण्यांत तीं जात. घरची सायकल असणाऱ्या मुलाला हीं दहा मिनिटें लागत नसत. श्रोत्यांनीं हीं दहा मिनिटें लक्षांत ठेवावीं. पुढें त्यांचें काम पडणार आहे.

प्रथम शर्यतीविषयीं दोन शब्द. पोहणें, सायकल चालविणें आणि धांवणें हीं तिन्हीं कामें मध्यें विसावा न घेतां एकापाठोपाठ करावयाचीं, या शर्यतीला ट्रायथलॉन म्हणतात. तिचें सर्वांत प्रसिद्ध रूप जें 'आयर्नमॅन', त्याची सुरुवात १९७८ सालीं हवाई बेटांवर झाली. त्याच्या निम्म्या अंतराची शर्यत आपल्या देशांत प्रथम २०१९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास, पणजीजवळ मिरामारच्या किनाऱ्यावर झाली. तींत १.९ किलोमीटर समुद्रांत पोहावयाचें, ९० किलोमीटर सायकल चालवावयाची आणि शेवटीं २१.१ किलोमीटर धांवावयाचें असतें. तिन्हीं मिळून ११३ किलोमीटर, म्हणजे ७०.३ मैल होतात; म्हणून या शर्यतीच्या नांवांतच तो आकडा आहे.

नागपूरकरांना अशा कष्टाच्या खेळाचें वावडें नाहीं. आपल्याच शहरांतले डॉ. अमित समर्थ यांनीं २०१७ सालीं अमेरिका खंड पश्चिमेकडून पूर्वेकडे, सुमारें ४८०० किलोमीटर, बारा दिवसांच्या आंत एकट्यानें सायकलीवर पार केलें. आणि पुढच्याच वर्षीं मॉस्को ते व्लादिव्होस्तोक ही नऊ हजार किलोमीटरांवरची सायबेरियाची शर्यतही पुरी केली. अशीं उदाहरणें डोळ्यांसमोर असल्यावर तरुणांना हुरूप येणें स्वाभाविक आहे, आणि हुरुपाबरोबर सामानाची यादीही लांबत जाणें तितकेंच स्वाभाविक आहे.

आतां चाकांकडे वळूं. सपाट रस्त्यावर सायकलस्वाराची शक्ति मुख्यतः दोन ठिकाणीं खर्च होते. टायर रस्त्यावर दबत दबत फिरतो, त्यांत कांहीं जाते. बाकीची हवेला बाजूला सारण्यांत जाते. वेग जसा वाढतो तसा हवेचा विरोध वेगाच्या वर्गानें वाढतो, आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ति घनानें वाढते. म्हणजे वेग दुप्पट केला तर हवेपुरती शक्ति आठपट लागते. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो वजन धरलें आणि वारा नाहीं असें मानलें, तर ताशीं ३० किलोमीटर वेगानें जाण्यास अदमासें १४० वॅट शक्ति लागते. त्यांतील १०५ वॅटच्या आसपास एकट्या हवेच्या वांट्याला जाते.

शिवाय या शर्यतींत दुसऱ्याच्या पाठीमागें लपून हवा चुकविण्यास मनाई असते. हौशी स्पर्धकानें पुढच्या स्वारापासून १२ मीटरांचें अंतर राखावयाचें, असा नियम आहे. तेव्हां प्रत्येकाला आपली हवा आपणच फोडावी लागते, आणि म्हणूनच या खेळांत हवा चुकविणाऱ्या सामानाचें महत्त्व इतकें आहे.

चाकाची यांत विशेष गंमत आहे. सायकल ताशीं ३० किलोमीटर वेगानें चालली असतां चाकाचा जमिनीला टेकलेला बिंदु त्या क्षणीं स्थिर असतो; आणि चाकाचा अगदीं वरचा बिंदु ताशीं ६० किलोमीटर वेगानें पुढें जात असतो. म्हणजे वरच्या भागांतील तारा, ज्यांना दुकानांत स्पोक म्हणतात, त्या सायकलीच्या जवळजवळ दुप्पट वेगानें हवा घुसळीत असतात. या तारा आंखूड केल्या आणि रिम आंतल्या बाजूला खोल करून तिला माशाच्या अंगासारखा निमुळता आकार दिला, तर हवा कमी घुसळली जाते. शर्यतीच्या चाकांचें तत्त्व तें हेंच. साध्या चाकाची रिम बोटाएवढी खोल असते. शर्यतीच्या चाकाची ५० तें ८० मिलिमीटर असते. आणि तारा मुळींच न दिसणारें, थाळीसारखें भरीव चाकही असतें. हीं चाकें बहुधा कार्बनच्या तंतूंचीं बनवितात, म्हणून इतकी खोल रिम असूनही तीं जड होत नाहींत. आणि महागही त्यामुळेंच होतात. १९८४ च्या जानेवारींत फ्रान्चेस्को मोझेर या इटालियन स्वारानें मेक्सिको शहरीं अशाच भरीव चाकांवर एका तासांत ५१.१५१ किलोमीटर जाण्याचा उच्चांक केला, तेव्हांपासून या चाकांकडे जगाचें लक्ष वेधलें.

पण भाच्याच्या घरचा प्रश्न इतकाच होता : यांनीं वेळ किती वाचतो ? वरच्याच स्वाराचें उदाहरण घेऊं. खोल रिमेच्या चाकांनीं स्वार व सायकल यांना मिळून होणारा हवेचा विरोध शेंकडा तीन कमी झाला असें धरा. तितक्याच श्रमांत ९० किलोमीटरांचें अंतर कापतांना, तीन तासांमागें, सुमारें एक मिनिट चाळीस सेकंद वाचतात. ताशीं ४० किलोमीटर जाणाऱ्या पट्टीच्या स्वाराचीं सव्वा मिनिटाहून किंचित् अधिक वाचतात. आणि ताशीं २५ किलोमीटर जाणाऱ्या साध्या हौशी माणसाचीं जवळजवळ दोन मिनिटें वाचतात. मंद स्वाराचा वेळ अधिक वाचावा हें ऐकून आश्चर्य वाटेल; पण तो रस्त्यावर अधिक वेळ असतो, हें त्याचें सरळ कारण आहे. तेव्हां 'हीं चाकें फक्त विजेत्यांसाठीं, आपल्यासारख्यांना त्यांचा काय उपयोग' हा समज खरा नाहीं. लाभ सर्वांना आहे. तो दीड-दोन मिनिटांचा आहे, एवढेंच.

आतां याच गणितांत दुसऱ्या दोन गोष्टी बसवून पाहूं. हवेच्या विरोधाचा फार मोठा वांटा चाकांचा नसतो, स्वाराच्या शरीराचा असतो. त्यानें पुढें बसविलेल्या दांड्यांवर कोपरें टेकून, खांदे आंखडून, डोकें खालीं ठेवून बसण्याचा सराव केला आणि हवेचा विरोध आठव्या हिश्शानें कमी केला, तर त्याच ९० किलोमीटरांत सात मिनिटांच्या आसपास वाचतात. आणि जाडजूड सरावाचे टायर काढून शर्यतीचे नरम, चपळ टायर घातले, त्यांनीं रस्त्याचा विरोध एकपंचमांशानें घटला, तर साडेतीन मिनिटें वाचतात. टायरांची उत्तम जोडी दहा-बारा हजारांत येते. बसण्याची ढब ही तर सरावाची बाब आहे. म्हणजे दीड लाखाच्या चाकांहून दहा हजारांचे टायर अधिक देतात, आणि टायरांहून आपली पाठ अधिक देते.

या म्हणण्याला इतिहासाची एक प्रसिद्ध साक्ष आहे. १९८९ सालच्या फ्रान्स-प्रदक्षिणेच्या सायकल शर्यतीचा शेवटचा दिवस, २३ जुलै. व्हर्सायहून पॅरिसपर्यंत २४.५ किलोमीटर, प्रत्येकानें एकट्यानें घड्याळाविरुद्ध जावयाचें. फ्रान्सचा लोराँ फिन्याँ हा अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडच्या ५० सेकंद पुढें होता. फिन्याँच्या सायकलीला पुढें आणि मागें दोन्हीं चाकें भरीव होतीं. पण डोकें उघडें, केसांची शेंडी वाऱ्यावर उडत असलेली, आणि हात नेहमींच्या हँडलावर. लेमाँडचें भरीव चाक एकच होतें. परंतु त्यानें निमुळतें शिरस्त्राण घातलें होतें आणि ट्रायथलॉनच्या खेळाडूंकडून उचललेल्या त्या पुढच्या दांड्यांवर कोपरें टेकलीं होतीं. त्या दिवशीं लेमाँडनें ५८ सेकंदांनीं बाजी मारली आणि तीन आठवड्यांची सबंध शर्यत ८ सेकंदांनीं जिंकली. त्या आठ सेकंदांत लेमाँडच्या पायांचा वांटा मोठा होता हें खरेंच. तरी चाकें दोन असून स्वार वाऱ्यांत उघडा राहिला तर काय होतें, हें त्या दिवशीं साऱ्या जगानें पाहिलें.

हें सारें बहिणीला सांगून मीं माझा निकाल दिला : ठेव मोडूं नये, वर्षांतून एकदांचें काम आहे, तर चाकें भाड्यानें घ्यावीं. अमेरिकेंत शर्यतीपुरतीं चाकें टपालानें पाठवून परत मागविणारे व्यावसायिक आहेत. आपल्याकडे मोठ्या शहरांतून कांहीं दुकानदार अशी सोय करतात. भाच्यानें एका दुकानदाराशीं ठरविलें. चाकें शर्यतीच्या आदल्या दिवशीं संध्याकाळीं गोव्यांत त्याच्या हातीं आलीं.

येथून आमचें शिक्षण सुरू झालें. प्रथम मागच्या चाकाचा दातेरी चक्रांचा संच, म्हणजे कॅसेट, हबवर बसेना. निरनिराळ्या कंपन्यांच्या हबवरच्या खांचा निरनिराळ्या असतात, हें कोणीं आधीं विचारलेंच नव्हतें. एका कारागिरानें दुसरा संच शोधून रात्रीं दहा वाजतां तो बसविला. मग ब्रेकची चकती पट्ट्यांना घासूं लागली. ती नीट करण्यांत आणखी तास गेला. बरोबर नेलेल्या ट्यूबचा व्हॉल्व्ह आंखूड. खोल रिमेंतून तो बाहेर येईना. म्हणजे वाटेंत पंक्चर झालें असतें, तर जवळ ट्यूब असून हवा भरतां आली नसती. ज्या रात्रीं खेळाडूनें लवकर झोंपावयाचें, ती रात्र त्यानें पाना हातांत घेऊन काढली.

आणि खरा धडा दुसऱ्या दिवशीं मिळाला. खोल रिमेला समोरचा वारा कापतां येतो. पण बाजूचा वारा तिच्यावर शिडासारखा आदळतो. मागचें चाक स्वाराच्या वजनाखालीं दबलेलें असतें, म्हणून तें फारसें दाद देत नाहीं. पुढचें चाक मात्र हँडलाला जोडलेलें असल्यानें झोताबरोबर हँडलच वळूं पाहतें. याच कारणास्तव हवाईच्या जागतिक शर्यतींत भरीव चाकांस वर्षानुवर्षें मनाई होती. तेथील लाव्हाच्या माळावरचा आडवा वारा कुप्रसिद्ध आहे. आमचा भाचा वाढला नागपुरांत. समुद्रावरून येणारा मोकळा वारा त्यानें त्या चाकांवर कधीं अनुभवलेला नव्हता. इमारतींची आणि झाडांची आड संपून उघडा रस्ता लागला, पहिलाच झोत आला आणि सायकल हातभर बाजूला सरकली. त्याचें काळीज धडधडूं लागलें. पुढें जेथें जेथें मोकळी जागा आली, तेथें तेथें तो दांड्यांवरून उठून सरळ बसला आणि दोन्हीं हातांनीं हँडल घट्ट धरून राहिला.

आतां वरचें गणित आठवा. चाकांनीं त्याला पावणेदोन मिनिटें द्यावयाचीं होतीं. परंतु उठून बसण्यानें सात मिनिटांच्या ठेव्यांतलें किती गेलें, याचा हिशेब कोण ठेवणार? घरीं आल्यावर तो मला म्हणाला, "मामा, माझीं साधीं चाकें असतीं तर मी लवकर पोंचलों असतों." तो पडला नाहीं, हातपाय शाबूत घेऊन परतला, याचेंच बहिणीला समाधान होतें. मला मात्र सीताबर्डीच्या दुकानांतलीं तीं पहिलीं दहा मिनिटें आठवलीं. मीं पैशाचा हिशेब केला होता. ओळखीचा केला नव्हता.

यावरून माझ्या उत्तरांत मीं जी दुरुस्ती केली, ती अशी. भाडें हें शर्यतीच्या दिवसाचें नसावें. तें ओळखीच्या दिवसांचें असावें. चाकें निदान दोन-तीन आठवडे आधीं घ्यावीं, घरच्या रस्त्यांवर त्यांच्यावर बसावें, आणि वाऱ्याच्या दिवशीं मुद्दाम बसावें. नागपुराला समुद्र नसला तरी असा सराव होऊं शकतो. समृद्धि महामार्गावर सायकलींस मज्जाव असल्यामुळें आपले स्वार वर्धा रोड, अमरावती रोड, काटोल रोड अशाच वाटांनीं जातात. तेथें शेजारून जाणारा प्रत्येक ट्रक आधीं हवेनें बाहेर ढकलतो आणि मग आंत ओढतो. हा आडव्या झोताचाच अनुभव आहे. मात्र त्यासाठीं गर्दीची वेळ निवडूं नये. पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर, ओळखीच्या सोबत्याबरोबर हा सराव करावा. ज्याला तीन आठवड्यांनंतरही उघड्या माळावर कोपरें दांड्यांवर ठेववत नाहींत, त्यानें पुढें कमी खोलीचें चाक लावावें. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. पुष्कळ अनुभवी स्वार पुढचें चाक मागच्याहून उथळच ठेवतात.

भाड्याचा करार करतांना विचारावयाच्या गोष्टीही मीं भाच्याकडून एका कागदावर लिहून घेतल्या. ब्रेक रिमेवरचा कीं चकतीचा; आंस कोणत्या मापाचा; कॅसेट किती चक्रांची आणि कोणत्या हबची; टायर ट्यूबचा, ट्यूबविरहित कीं रिमेला चिकटविण्याचा; व्हॉल्व्ह किती लांब. ब्रेक रिमेवरचा असेल, तर कार्बनच्या रिमेसाठीं वेगळे रबर लागतात. ॲल्युमिनियमच्या रिमेवर वापरलेल्या जुन्या रबरांत धातूचे कण रुतलेले असतात. ते कार्बनला ओरखडतात आणि नुकसानीची भरपाई भाडेकरूच्या माथीं येते. चाकें हातीं येतांच त्यांचीं छायाचित्रें काढून ठेवावीं. चाक फिरवून तें आउट नाहींना, म्हणजे डुगडुगत नाहींना, हें पाहावें. आणि पंक्चर, ओरखडा, तडा यांपैकीं कशाचा भार कोणावर, हें लेखीं घ्यावें.

आपल्या गांवच्या उन्हाळ्याचाही एक धडा येथें सांगितला पाहिजे. मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो. पहाटे २५ अंशांवर टायरांत भरपूर हवा भरली आणि सायकल दुपारीं उन्हांत तापत ठेवली, तर आंतील दाब शेंकडा सहा-सात वाढतो. बंद मोटारींत तर त्याहून अधिक. शिवाय कार्बनच्या रिमेला बांधून ठेवणारी राळ अति उष्णतेनें मऊ पडूं शकते. परक्याचीं चाकें मोटारींत उन्हांत ठेवूं नयेत, आणि आपलींही ठेवूं नयेत.

आतां पैशाचें गणित. पुढील आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत. आपल्या दुकानांतील भाव घालून श्रोत्यांनीं तें पुन्हां मांडावें. चाकांची जोडी दीड लाखाची. चार वर्षांनीं ती साठ हजारांना विकली जाईल. देखभालीला वर्षाला पांच हजार. म्हणजे चार वर्षांचा खर्च एक लाख दहा हजार. उलट, एका शर्यतीचें भाडें आठ हजार, नेण्याआणण्याचे दोन हजार आणि कारागिराचे पांचशें, मिळून साडेदहा हजार. एक लाख दहा हजारांना साडेदहा हजारांनीं भागलें कीं साडेदहा येतात. म्हणजे चार वर्षांत अकरा शर्यती करणाराला विकत घेणें परवडतें. वर्षांतून एक शर्यत करणाराचे भाड्यांत चार वर्षांत बेचाळीस हजार जातात. त्याचे अडुसष्ट हजार वांचले.

परंतु माझ्या बहिणीच्या घरीं पैसा तिजोरींत पडून नव्हता. तो ठेवींत होता. सात टक्के व्याज धरलें तर दीड लाखावर चार वर्षांत साडेसेहेचाळीस हजारांच्या आसपास व्याज बुडतें. भाड्याच्या पैशांवरचेंही थोडें व्याज बुडतें, पण ते पैसे हप्त्याहप्त्यानें जातात. हें सारें धरलें तर अकराचा आकडा तेरा-चौदावर जातो. दुसऱ्या बाजूनें, मीं सांगितल्याप्रमाणें तीन आठवडे चाकें घेतलीं कीं भाडें वाढतें आणि आकडा पुन्हां खालीं येतो. भाडें दुप्पट झालें, तर सात-आठ शर्यतींतच विकत घेणें बरें ठरतें. तेव्हां 'एकदांच लागतात म्हणून भाड्यानें' हें सूत्र दिसतें तितकें सोपें नाहीं. चाकें किती शर्यतींत धांवणार यापेक्षां किती दिवस फिरणार, हा खरा प्रश्न आहे.

मधल्या वाटाही आहेत. एक म्हणजे वापरलेलीं चाकें घेणें. पहिल्या धन्यानें हौसेनें घेतलेलीं आणि मग पडवींत टांगलेलीं चाकें पुष्कळ स्वस्त मिळतात. मात्र जाणत्या कारागिराला दाखवून, रिमेवर तडा नाहीं, हबच्या गोळ्या खरखरत नाहींत याची खात्री करून घ्यावी. दुसरी वाट मागच्या साध्या चाकाला प्लॅस्टिकची थाळी बसविण्याची. थोड्या पैशांत भरीव चाकाचा बराचसा लाभ ती देते. फक्त शर्यतीच्या नियमांत ती चालते कीं नाहीं, हें आधीं पाहावें. तिसरी वाट भागीदारीची. तीन मित्रांनीं मिळून जोडी घ्यावी, ही कल्पना भाच्याच्या सोबत्यांना फार आवडली होती. पण तिघांचीही शर्यत एकाच दिवशीं गोव्यांत होती, आणि चाकें दोनच!

दुसऱ्या वर्षीं भाच्यानें चाकांचें नांव काढलें नाहीं. त्यानें टायर बदलले, बसण्याची ढब जाणत्याकडून तपासून घेतली आणि पावसाळाभर कोपरें दांड्यांवरून न उचलण्याचा सराव केला. त्या वर्षींची शर्यत त्यानें आपल्या साध्या चाकांवर केली आणि पहिल्या वर्षाहून पुष्कळ आधीं तो सायकलीवरून उतरला. यंदा वर्षाला तीन शर्यती करण्याचा त्याचा बेत आहे. त्यासाठीं त्यानें मध्यम खोलीची एक जोडी प्रथम तीन आठवडे भाड्यानें आणून काटोल रोडवर वापरून पाहिली. आणि हाताला ती रुचल्यावर तसलीच एक वापरलेली जोडी निम्म्या किंमतींत, स्वतःच्या पगारांतून, विकत घेतली.

म्हणून माझें आजचें उत्तर असें आहे. ज्याचे टायर आणि बसण्याची ढब अजून सुधारावयाची आहे, त्यानें चाकें विकतही घेऊं नयेत आणि भाड्यानेंही आणूं नयेत. तें काम ज्याचें झालें आहे, त्यानें प्रथम भाड्यानें घ्यावीं, पण तीं ओळख व्हावी इतके दिवस. आणि ओळख झाल्यावर वर्षाकांठीं दोन-तीन शर्यती करण्याचा ज्याचा खरोखर निश्चय असेल, त्यानें खुशाल विकत घ्यावीं. आदल्या संध्याकाळीं हातीं आलेलीं चाकें मात्र, फुकट मिळालीं तरी, सायकलीला लावूं नयेत.

बहिणीची ठेव अजून शाबूत आहे. चाकें तिच्या पडवींत टांगलेलीं असतात, आणि दर शनिवारीं रात्रीं भाचा तीं खालीं काढूं लागला कीं ती विचारते, "उद्यां वारा आहे का रे ?" आतां तो हंसून सांगतो, "असला तर बरेंच आहे."